इन्फेक्शन परत का होतं? मधुमेहात विचारायचा पहिला प्रश्न

चैत्र लागला की आमच्या माठात वाळ्याची जुडी पडते आणि आई सब्जा भिजवायला घेते. त्या वर्षी सब्जाची वाटी दिवसातून तीनदा भिजताना दिसली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, उन्हाळी लागलीय." लघवीला आग होत होती आणि रात्री चार-पाच वेळा उठावं लागत होतं. तिसऱ्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप आला. ग्लुकोमीटरवर आकडा दिसला ३१२, आणि पोटात तर सकाळपासून वाटीभर पेज सोडून काही नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून झाल्यावर विचारलं, "काकू, वर्षात हे कितव्यांदा?" आईने बोटं मोजली. दिवाळीत एकदा, संक्रांतीला एकदा आणि हे आता. आधीच्या दोन्ही वेळी तिने मेडिकलमधून 'मागच्याच' गोळ्या आणल्या होत्या, तीन दिवस घेतल्या होत्या आणि आग थांबल्यावर उरलेली पट्टी डब्यात ठेवून दिली होती. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, तर त्याला 'परत परत होणारं' म्हणतात आणि मग नुसती गोळी देऊन भागत नाही, कारण शोधावं लागतं. पंधरा वर्षं मधुमेह असलेल्या बाईला आणि तिच्या शिकल्यासवरल्या मुलीला ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा कळली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

साखर वाढली की आत काय होतं

'रक्त गोड झालं म्हणून जंतू वाढतात' असं आपल्याकडे सरसकट म्हटलं जातं. ते अर्धंच खरं. खरी अडचण आपल्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींची होते. जंतू शिरले तिथे पोचायचं, त्यांना गिळायचं आणि गिळलेल्यांना मारायचं ही या पेशींची कामं. साखर बराच काळ २०० च्या वर राहिली की ही तिन्ही कामं मंदावतात. शेताला राखणदार आहे, पण तो उशिरा पोचतो आणि पोचल्यावर त्याच्या हातापायांत त्राण नसतं, तसं काहीसं.

त्यात जुन्या मधुमेहाच्या आणखी दोन गोष्टी मिसळतात. बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात, त्यामुळे जखमेपर्यंत रक्त कमी पोचतं आणि रक्तातून जाणारं औषधही कमी पोचतं. शिवाय नसा बधिर होतात, म्हणून दुखायला हवं तिथे दुखत नाही. दुखणं हा शरीराचा निरोप असतो. तो निरोपच आला नाही, तर माणूस आठवडाभर खिळा रुतलेल्या चपलेने हिंडतो.

आता उलटी बाजू. इन्फेक्शन झालं की शरीर कॉर्टिसोल आणि अ‍ॅड्रेनलिन सोडतं. ही संप्रेरकं यकृताला साठवलेली साखर रक्तात ओतायला लावतात आणि इन्सुलिनचा जोरही कमी करतात. आईच्या पोटात पेजेशिवाय काही नसताना साखर ३१२ का, याचं उत्तर हे. म्हणजे साखरेमुळे इन्फेक्शन चिघळतं आणि इन्फेक्शनमुळे साखर चढते. नुसतं अँटिबायोटिक दिलं आणि साखर तशीच राहू दिली तर जखम रेंगाळते. नुसती साखर उतरवायला बसलं आणि पू आत तसाच राहिला तर साखर हलत नाही. दोन्ही एकाच वेळी हातात घ्यावं लागतं.

मधुमेहाच्या इतिहासातली एक गोष्ट मला या संदर्भात फार बोलकी वाटते. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोमध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचलं गेलं. इन्सुलिन दिलेला तो पहिला मधुमेही. मरणाच्या दारातून परतलेला हा मुलगा पुढे तेरा वर्षं जगला आणि १९३५ मध्ये गेला तो न्यूमोनियाने. जंतूंवरची परिणामकारक औषधं तेव्हा हातात नव्हती. आज ती आहेत. ती बोथट होऊ न देणं मात्र आपल्यावर आहे.

लघवीचं इन्फेक्शन: फक्त गोळी पुरत नाही

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंड ती अडवू शकत नाही आणि ती लघवीत उतरते. पण आईच्या बाबतीत त्याहून मोठं कारण सोनोग्राफीत सापडलं. लघवी करून आल्यावर तिला पुन्हा टेबलावर झोपवलं, तर मूत्राशयात अजून १४० मिलिलिटर शिल्लक होती. पेलाभर म्हणा ना. मूत्राशयाच्या नसा बधिर झाल्या की भरल्याची जाणीव उशिरा होते आणि पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. साचलेल्या पाण्यात शेवाळ धरतं, तसे त्या उरलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. तिला सांगितलेला उपाय अगदी बिनखर्चाचा होता: लागो न लागो, दर तीन तासांनी जायचं, आणि एकदा झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. आईला आधी हे हास्यास्पद वाटलं. आता तिचा तो नेम आहे.

दुसरं, लघवीचं कल्चर. अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी, सुरुवातीची थोडी लघवी सोडून देऊन मधली धार निर्जंतुक डबीत धरायची. प्रयोगशाळेत जंतू वाढवून कोणत्या औषधाने तो मरतो हे पाहतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात. आईच्या रिपोर्टात ती दोनदा घेऊन अर्धवट सोडलेल्या गोळीसमोर 'निरुपयोगी' अशा अर्थाची खूण होती. मेडिकलवाल्याकडून 'मागचीच' गोळी आणण्याची आमच्या घरातली सवय त्या कागदाने मोडली.

चाळिशी-पन्नाशीनंतर पाळी गेली की योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिथले चांगले जंतू कमी होतात आणि लघवीचं इन्फेक्शन वाढतं. यासाठी इस्ट्रोजेनचं मलम असतं आणि त्याचा अनेकींना चांगला उपयोग होतो. बायका हा विषय काढत नाहीत आणि डॉक्टरही घाईत असतात, म्हणून आपणच विचारावं. लघवी तुंबवून ठेवण्याबद्दलही मला तळमळीने सांगायचं आहे. बाजाराला, लग्नाला, शेतावर किंवा प्रवासाला जाताना वाटेत धड स्वच्छतागृह नसतं, म्हणून आपल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मधुमेही बाईला हे फार महागात पडतं.

याच्या अगदी उलट चूकही होते. काही त्रास नसताना सहज केलेल्या तपासणीत लघवीत जंतू सापडतात आणि लगेच औषध सुरू होतं. आग नाही, ताप नाही, कळ नाही, तर मधुमेहातसुद्धा त्या जंतूंना सहसा औषध लागत नाही. उगाच घेतलेल्या गोळीने फक्त जंतू त्या औषधाला सराईत होतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गाची काही ऑपरेशनं हे अपवाद.

आता गोळ्यांबद्दल. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची औषधं साखर लघवीवाटे बाहेर काढतात. २०२० मध्ये भारतात डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपलं, गोळी स्वस्त झाली आणि घरोघरी पोचली. हृदयाला आणि मूत्रपिंडाला तिचा मोठा फायदा आहे, पण जननेंद्रियावर बुरशीची खाज येण्याचं प्रमाण तिने बरंच वाढतं. बायकांना दह्यासारखं पांढरं जातं आणि खाज सुटते. पुरुषांना पुढच्या कातडीला चिरा पडतात, ती मागे सरत नाही, लाली येते. लाजेपोटी कित्येक पुरुष हे महिनोन् महिने अंगावर काढतात, आणि कित्येकांच्या बाबतीत तर मधुमेह असल्याची ही पहिलीच खूण असते. गोळी चालू असेल तर लघवीनंतर दर वेळी साध्या पाण्याने धुऊन कोरडं करावं. साबण आणि सुवासिक वॉश नकोत. तरी त्रास परतत राहिला तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावं. त्या जागी जोराची वेदना, सूज आणि ताप एकत्र आले तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण क्वचित तिथली कातडी आणि आतला भाग झपाट्याने सडतो.

गळू, काळपुळी आणि नायटा

आपल्या जुन्या माणसांकडे कातडीच्या प्रत्येक दुखण्याला शब्द होता. केसतूड, गळू, नखुरडं, रांजणवाडी आणि सगळ्यांत भीतीदायक काळपुळी. मानेवर किंवा पाठीवर अनेक तोंडांचं, आतून एकमेकांना जोडलेलं मोठं गळू म्हणजे काळपुळी, आणि ती झाली की साखर तपासायची हे गावातल्या जाणत्या डॉक्टरांना कधीच ठाऊक होतं. तो नेम आजही लागू आहे. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे, आणि राज्यांमध्ये सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. यांतल्या पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हेच माहीत नसतं. घरात कुणाला एकामागून एक गळवं उठत असतील, तर आधी साखर पाहा.

गळवं करणारा जंतू बहुधा नाकपुडीत मुक्कामाला असतो. तिथून बोटांवर, बोटांवरून कातडीवर आणि एकाच टॉवेलवरून घरभर. म्हणून वारंवार गळवं होणाऱ्याला कधीकधी नाकात लावायचं मलम आणि अंघोळीला जंतुनाशक द्रव काही दिवसांसाठी देतात. आमच्या शेजारच्या काकांची गळवं अशी थांबली, आणि तेव्हाच त्यांच्या घरातले टॉवेलही पहिल्यांदा वेगळे झाले. गळू पिकलं तर घरी पिळू नये. पू डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा.

नायट्याबद्दल एकच सांगते, पण जोर देऊन. जांघेत, कमरेला, स्तनांखाली गोल चट्टा आला की दुकानातून चटकन मिळणारी 'मिक्स' ट्यूब लावली जाते. तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र खाली पसरत जाते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती मिळतातच. ट्यूबवरचं नाव वाचा, आणि कळत नसेल तर लावू नका.

पाय

पावसाळ्यात पायांच्या बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडून सोलते. आपण त्याला चिखल्या म्हणतो आणि भातलावणीत होणारच म्हणून सोडून देतो. मधुमेही माणसाची चिखली म्हणजे उघडं दार. तिथून शिरलेले जंतू पाय लाल करतात, सुजवतात, आणि जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, येतं. अवधाण आलं, म्हणजे पायातलं इन्फेक्शन वर सरकायला लागलं.

दवाखान्यात बधिरपणा तपासायला नायलॉनचा एक तंतू असतो. तो वाकेपर्यंत तळव्याला टेकवला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. आईने डोळे मिटले होते आणि "लागलं की हो म्हणा" असं तिला सांगितलं होतं. डाव्या अंगठ्याखाली तंतू टेकला, वाकला, उचलला गेला. ती गप्पच. मी शेजारी उभी होते. मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. तिने मला मागाहून विचारलं, "सुरू केलं होतं का त्यांनी?"

त्या दिवसापासून तिचे अनवाणी चालायचे दिवस संपले, घरातसुद्धा. पाय बधिर असताना देवळाची तापलेली फरशी, मोटारसायकलचा सायलेन्सर, शेकायला घेतलेलं गरम पाणी, सगळ्याने पाय भाजतो आणि कळत नाही. पाण्याचा अंदाज पायाने न घेता कोपराने घ्यावा. आळंदी ते पंढरपूर ही साधारण २५० किलोमीटरची वाट अनवाणी चालणारे वारकरी पाहिले की माझे हात आपोआप जोडले जातात, पण मधुमेही वारकऱ्याने पायांत घालूनच चालावं आणि मुक्कामाच्या जागी रोज तळवे पाहावेत. मऊ तळाची एमसीआर चप्पल, मागे पट्टा असलेली, चांगली. एमसीआर हे मऊ सूक्ष्मछिद्री रबर आपल्या देशात आधी कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी वापरात आलं, मग मधुमेहींच्या कामी आलं.

बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या कराव्यात. तेल किंवा मलम टाचेला लावावं, बेचक्यांत नको. कुरूप ब्लेडने कापू नये आणि ते जाळणारं औषधी पट्टीचं पॅडही लावू नये. जखमेवर हळद, चुना, तंबाखू, मशेरी काहीही लावू नये. साध्या स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरड्या गॉजने झाकावी आणि दुसऱ्या दिवशी दाखवावी. दुखत नाही म्हणून थांबू नये.

हिरड्या, कान, छाती

हिरड्यांतून रक्त येणं आणि दात हलणं हेही इन्फेक्शनच, फक्त वर्षानुवर्षं चालणारं. हिरड्यांवर नीट उपचार झाले की तीन-चार महिन्यांत एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) साधारण ०.४ टक्क्याने उतरतं असं दिसून आलं आहे. वर्षातून एकदा दंतवैद्याकडे जाणं म्हणजे साखरेचाच उपचार.

वयस्क मधुमेहीचा कान रात्री झोपू न देण्याइतका ठणकत असेल आणि थेंबांनी थांबत नसेल, तर ते कानामागच्या हाडापर्यंत गेलेलं इन्फेक्शन असू शकतं. नाकातून काळपट स्राव, एका बाजूला चेहरा सुजणं, एकाचे दोन दिसणं या खुणा २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्राने चांगल्याच ओळखल्या. कोविडसाठी दिलेली स्टेरॉइड आणि त्यामुळे बेफाम वाढलेली साखर यांनी म्युकरमायकोसिसला, म्हणजे 'काळ्या बुरशी'ला, रान मोकळं करून दिलं होतं. कोविडची ती लाट ओसरली, पण ती बुरशी हवेत आणि मातीत पूर्वीही होती आणि आजही आहे. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइड सुरू झालं तर साखर रोज मोजायची, एवढं त्यातून घ्यावं.

आणि क्षयरोग. मधुमेहात तो होण्याची शक्यता दुप्पट-तिप्पट असते. दोन आठवड्यांच्या वर खोकला, वजन उतरणं, संध्याकाळचा बारीक ताप, किंवा काहीच न बदलता साखर अचानक हाताबाहेर जाणं, यांतलं काही असलं तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासावी. ते मोफत आहे. क्षयाच्या औषधांतलं रिफाम्पिसिन मधुमेहाच्या काही गोळ्यांचा जोर कमी करतं, म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवाव्या.

अँटिबायोटिकही साखर हलवू शकतात. गॅटिफ्लॉक्सासिनने साखर इतकी खालीवर व्हायची की २०११ मध्ये भारतात त्या गोळीवर बंदी आली. त्याच कुटुंबातली लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन आजही वापरात आहेत. मधुमेहावरची ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याला त्यांच्यासोबत घाम फुटून, हातपाय थरथरून साखर उतरू शकते. घाबरून औषध सोडायचं नाही, मीटर जवळ ठेवायचं.

ताप आलेल्या दिवशी

घरोघरी होणारी चूक म्हणजे "जेवण गेलं नाही, मग इन्सुलिन कशाला?" खरं तर आजारपणात इन्सुलिनची गरज बहुधा वाढते. ते पूर्ण बंद करायचं नाही, डोस किती ते फोन करून विचारायचं. साखर दर चार तासांनी मोजायची. पेज, पातळ ताक, मीठ-लिंबाचं पाणी घोट घोट घेत राहायचं, आणि मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर किती प्यायचं ते आधी विचारून. उलट्या-जुलाब लागले तर मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कोणत्या, हे बरे असतानाच डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. साखर ३०० च्या वर टिकून राहिली, पाणीही पोटात ठरेना, श्वास जोरजोरात चालू लागला किंवा माणूस गुंगीत बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. दर वर्षी फ्लूची आणि ठरल्याप्रमाणे न्यूमोनियाची लस घेतली की अशा रात्री कमी येतात.

आमच्या फ्रिजवर ती चिठ्ठी चुंबकाने लावलेली आहे. त्याखाली दोऱ्याने बांधलेली एक छोटी वही आहे, आईच्या अक्षरातली. तारीख, कुठे झालं, साखर किती, गोळीचं नाव, किती दिवस, आणि शेवटचा रकाना 'कितव्यांदा'. रात्री जेवणं झाली की ती पलंगावर बसते, तळव्यांखाली आरसा धरते आणि मी मोबाइलचा टॉर्च लावते. श्रावणातली शेवटची नोंद अशी आहे: डावा पाय, करंगळीची बेचकी, चिखली, साखर १४८, डॉक्टरांनी दिलेलं मलम, १४ दिवस, पहिल्यांदा.